शरीराचे दोन कारभारी

(आपले शरीर बाहेरच्या बदलांना तोंड देत आतला समतोल कसा राखते, ते या पाठात सांगितले आहे. हा समतोल बिघडल्याची खूण वेळीच ओळखता आली तर एखाद्याचा जीव वाचू शकतो.)

मे महिन्यात बुलढाण्याहून मलकापूरकडे निघा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. तेथे सकाळची हवा थोडी सुखद असते. राजूर घाट उतरून मोताळा मागे पडले, की गरम वाऱ्याच्या झळा लागू लागतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव या सखल भागात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. पण एस.टी.तल्या निरोगी प्रवाशाला तापमापी लावून पाहा. घाटाच्या वर काय नि खाली काय, त्याच्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपासच दिसेल. बाहेरची हवा बदलली, तरी शरीराच्या आत फारसा फरक पडला नाही. हे कोण घडवून आणते?

आपल्या मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा एक छोटासा भाग आहे. ही शरीराची मुख्य कचेरी समजा. या कचेरीचे हुकूम दोन कारभारी सर्वत्र पोचवतात. पूर्वी तातडीचा निरोप तारेने जात असे आणि सविस्तर मजकूर टपालाने. २०१३ साली आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. पण शरीरात मात्र तार आणि टपाल दोन्ही अजून सुरू आहेत. तारेचे काम स्वायत्त चेतासंस्था करते, तर टपालाचे काम संप्रेरके करतात.

आधी तारेचे काम पाहू. समजा, शाळेतून घरी जाताना उधळलेला बैल तुमच्या अंगावर धावून आला. तुम्ही विचार करण्यापूर्वीच छाती धडधडू लागते, श्वास जोरात चालतो, बुबुळातील बाहुली मोठी होते आणि तोंड कोरडे पडते. पचनाचे काम थांबते आणि रक्त पायांच्या स्नायूंकडे वळते. हा हुकूम स्वायत्त चेतासंस्थेच्या अनुकंपी शाखेने दिलेला असतो. त्याच वेळी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रेनलीन सोडतात. म्हणजे संकटात दोन्ही कारभारी एकत्र धावतात! बैल निघून गेला, तुम्ही ओट्यावर टेकलात, की परानुकंपी शाखा पुढे येते. ती हृदयाची गती कमी करते, तोंडात लाळ आणते व पचन पुन्हा सुरू करते. एक शाखा लगाम सैल सोडते, दुसरी आवरते. दोघींच्या मेळानेच गाडी नीट चालते.

आता टपालाकडे वळू. शरीरात काही ग्रंथी अशा आहेत, की त्यांचा स्राव नळीतून न वाहता थेट रक्तात मिसळतो. त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात आणि त्यांच्या स्रावाला संप्रेरक म्हणतात. १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला ‘हार्मोन’ हे नाव दिले. संप्रेरक रक्ताबरोबर साऱ्या शरीरात फिरते. पण ज्या अवयवाच्या नावाचे पत्र असते, तोच अवयव ते उघडतो.

२०१९ साली रमजानचा महिना मे महिन्यात आला होता. आपल्या जिल्ह्यातील रोजेदारांनी भर उन्हाळ्यात रोज चौदा तासांहून अधिक वेळ पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. अशा वेळी शरीर काय करते? घाम गेल्याने रक्त किंचित दाट होते. अधश्चेतकाला ते लगेच कळते. तहान लागते आणि पियूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटते. ते मूत्रपिंडांना सांगते, ‘पाणी जपून वापरा.’ आपली मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लीटर द्रव गाळतात. पण त्यातले बहुतेक पाणी रक्तात परत येते. लघवीवाटे सुमारे दीड लीटरच बाहेर जाते. रोज्यात मूत्रपिंडे याहूनही काटकसर करतात.

साखरेचा हिशेबही असाच असतो. सहेरीचे अन्न पचून गेले, की रक्तातील साखर कमी होऊ लागते. तेव्हा स्वादुपिंड ग्लुकागॉन हे संप्रेरक सोडते. यकृत आपल्या कोठारातील साखर बाहेर काढते. संध्याकाळी खजूर आणि सरबत घेतले, की रक्तात साखर वाढते. आता तेच स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि जादा साखर पेशींत व कोठारात जाते. ज्याच्या शरीरात इन्सुलिन पुरेसे तयार होत नाही किंवा त्याचा नीट उपयोग होत नाही, त्याला मधुमेह होतो. म्हणून मधुमेह असलेल्या माणसाने रोज्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहेच.

पूर्वी इन्सुलिनअभावी होणाऱ्या मधुमेहावर उपायच नव्हता. असा मधुमेह झालेली मुले फार काळ जगत नसत. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्सन या मुलाला ते टोचण्यात आले. तो अवघा १४ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. तो मरणाच्या दारातून परत आला.

योगायोग असा, की १९२१ सालीच पहिल्या कारभाऱ्याचेही गुपित उघड झाले. मज्जातंतू हृदयाला निरोप कसा देतात? ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाच्या मज्जातंतूला विजेचा झटका दिल्यावर त्याची गती मंदावली. त्या हृदयातला द्रव त्याने दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावले! याचा अर्थ, मज्जातंतूचा निरोपही शेवटी एका रसायनानेच पोचतो. पुढे ते रसायन अॅसिटिलकोलीन असल्याचे ठरले. १९३६ साली लोवीला डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. निरोप पोचला, की शरीरातील एक विकर हे रसायन लगेच नष्ट करते. तसे झाले नाही, तर एकच निरोप पुन्हा पुन्हा वाजत राहील.

ही गोष्ट दूरच्या प्रयोगशाळेतली वाटेल. पण ती आपल्या शेतापर्यंत येते. बुलढाणा जिल्ह्यात कापूस व सोयाबीनची पिके घेतली जातात. किडीसाठी फवारणी करावी लागते. फवारणीच्या द्रावणाला आपण ‘औषध’ म्हणतो. पण ते विष आहे. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नेमकी ते विकरच बंद पाडतात, किड्याच्या शरीरातले आणि माणसाच्याही. २०१७ साली विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले. वीसहून अधिक जण दगावले.

समजा, पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणी केलेले वडील घरी येतात. ते घामाने भिजलेले आहेत आणि त्यांना मळमळते आहे.

“अब्बा, बरं वाटत नाही का?” मुलगा विचारतो.

“काही नाही बेटा, ऊन लागलं असेल,” ते म्हणतात.

येथेच घोटाळा होतो. घाम उन्हानेही येतो आणि या विषानेही. मग फरक कसा ओळखावा? उन्हाने पाणी कमी झाले, की तोंड कोरडे पडते. या विषाने मात्र तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पोटात कळ येते, स्नायू फडफडतात आणि श्वास घ्यायला त्रास होतो. अॅसिटिलकोलीनचा निरोप थांबतच नाही, म्हणून असे होते.

अशी लक्षणे दिसताच वाट पाहू नये. रोग्याला मोकळ्या हवेत आणावे. आपल्या हातांना विष लागणार नाही अशी काळजी घेऊन त्याचे कपडे उतरवावेत, अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उलटी करायला लावू नये. कीटकनाशकाच्या डब्यावरील चिठ्ठीवरून डॉक्टरांना विषाचे नाव कळते. म्हणून डबा सोबत न्यावा. दवाखान्यात अॅट्रोपीनचे इंजेक्शन देतात. ते अॅसिटिलकोलीनचा निरोप अडवते. अॅट्रोपीन धोतऱ्याच्या झाडातही असते. पण घरी धोतरा देणे म्हणजे एका विषावर दुसरे विष देणे होय. तसे कधीही करू नये.

मित्रांनो, आपण झोपलो तरी हे दोन कारभारी जागे असतात. ते कधी पगार मागत नाहीत, की रजा घेत नाहीत. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारणी न करणे, हातमोजे व तोंडावर फडके वापरणे, पंपाची तोटी तोंडाने न फुंकणे, एवढी काळजी आपण घेतली तर ते आपले काम नीट करत राहतील. आज घरी गेल्यावर हा पाठ आपल्या अब्बांना, चाचांना, भाईजानना समजावून सांगा. त्यांना वाचता येत नसेल, तर वाचून दाखवा.

शब्दार्थ
कारभारी – व्यवस्था पाहणारा, मुंतजिम
यकृत – जिगर
मूत्रपिंड – गुर्दा
स्वादुपिंड – लबलबा
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ, एन्झाइम
दगावणे – मरण पावणे
काटकसर – जपून केलेला खर्च, किफायत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शरीराची मुख्य कचेरी कोणती?
(आ) जादा साखर पेशींत पोचवणारे संप्रेरक कोणते?
२. ऊन लागणे आणि फवारणीची विषबाधा यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
३. ‘एक शाखा लगाम सैल सोडते, दुसरी आवरते’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. उपक्रम : फवारणी करताना घ्यायच्या काळजीची सूचनापाटी मराठीत व उर्दूत तयार करून शाळेत लावा.