शेगडी घेण्याआधी हे पाच हिशोब करा

कबाब, टिक्का, भाजलेलं मक्याचं कणीस... छोटा फूड बिझनेस म्हटला की पहिली खरेदी ठरलेली असते, कोळशाची शेगडी. स्वस्त, सुटसुटीत, चवीला भारी. पण थांबा. मुंबई उपनगरात धंदा करणार असाल तर आधी वही काढा.

1. परवानगी. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पाठोपाठ महापालिकेने कोळशाचा तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. म्हणून आधी वॉर्ड ऑफिस, मग दुकान. अंधेरी पश्चिमेला के पश्चिम, बोरिवलीला आर मध्य, मुलुंडला टी, घाटकोपरला एन वॉर्ड. नियम विचारायला पैसे पडत नाहीत; जप्त झालेली शेगडी मात्र पैसे बुडवते.

2. जागा. वेसाव्याच्या मच्छीमार बोटीची केबिन असो की तुमचा 80 चौरस फुटांचा गाळा, बंद जागेत कोळसा पेटवणं जिवावर बेतू शकतं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, गरगरतं, माणूस कोसळतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. शटर अर्धं पाडून शेगडी पेटवायची नाही. म्हणजे नाहीच.

3. इंधन. एक किलो कोळशात साधारण 7,000 किलोकॅलरी उष्णता, एलपीजीत सुमारे 11,000. शिवाय गॅसची कळ फिरवली की खर्च थांबतो. कोळसा गिऱ्हाईक येण्याआधी पेटवावा लागतो आणि ते गेल्यावरही जळत राहतो. समजा दिवसाला 4 किलो कोळसा लागला, भाव 60 रुपये किलो, प्लेटा गेल्या 80. म्हणजे प्लेटमागे 3 रुपये. पावसात 30 च प्लेटा गेल्या आणि कोळसा तेवढाच जळला, तर 8 रुपये! गॅसवर जाणार असाल तर 19 किलोचा कमर्शियल सिलिंडरच घ्या. घरचा 14.2 किलोचा धंद्यात वापरणं बेकायदा आहे.

4. चव. 'कोळशाशिवाय चव नाही' हे अर्धसत्य आहे. भाजताना तेल-रस तापलेल्या पृष्ठभागावर पडतो, त्या धुरातून बरीचशी चव येते. गॅस ग्रिलवरही ती मिळते. आधी दहा ओळखीच्यांना दोन्ही प्रकार न सांगता खाऊ घाला आणि मगच ठरवा.

5. बांधणी. मुंबईबाहेर फार्महाउसच्या केटरिंगसाठी शेगडी हवीच असेल, तर चार गोष्टी हाताने तपासा: जाड पत्रा किंवा बीड, आतून विटा वा मातीचं अस्तर, खाली उघड-बंद होणारं हवेचं दार आणि बाहेर निघणारा राखेचा ट्रे. हवेचं दार नसेल तर आच तुमच्या ताब्यात राहत नाही. पातळ पत्रा लवकर जळून जातो.

आजचा गृहपाठ: सात दिवस भाड्याने शेगडी घेऊन मोकळ्या जागेत चाचणी करा. रोज दोनच आकडे लिहा, किती इंधन जळलं आणि किती प्लेटा झाल्या. आठव्या दिवशी भागाकार करा. तो आकडा तुमच्या दरात बसत नसेल, तर शेगडी कितीही स्वस्त मिळो, ती महागच आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडी ठेवा!