उकळत्या झऱ्यातील विकरे

अंडे उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवले की आतील पातळ, पारदर्शक भाग घट्ट व पांढरा होतो. मग ते अंडे बर्फात ठेवले, तरी तो भाग पुन्हा पातळ होत नाही. असे का? त्यात प्रथिने असतात. प्रथिनाचा रेणू म्हणजे अॅमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक तऱ्हेने दुमडलेली असते. उष्णतेने या घड्या उलगडतात आणि मोकळ्या झालेल्या साखळ्या एकमेकींत गुंतून बसतात.

आपल्या शरीरातील विकरे, म्हणजेच एन्झाइमे, हीसुद्धा बहुतेक प्रथिनेच होत. भाताचा घास बराच वेळ चघळला की गोड लागतो, ते लाळेतील विकरामुळे. विकराचे सारे सामर्थ्य त्याच्या घडीत असते. घडी मोडली की काम थांबले.

असे असताना उकळत्या झऱ्यात जीव राहतीलच कसे? अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात पुष्कळ गरम झरे आहेत. (हा प्रदेश इतका उंच आहे, की तेथे पाणी सुमारे ९३ अंश सेल्सिअसलाच उकळते. आपल्या महाबळेश्वरलाही ते १०० अंशांच्या आधीच उकळते.) तेथील मशरूम स्प्रिंग या सुमारे ७० अंशांच्या झऱ्यातून १९६६ साली टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी एक जीवाणू मिळवला. गरम पाण्यातील जीव शोधणाऱ्याचे आडनाव ‘फ्रीझ’ असावे, हा योगायोग गमतीचाच! १९६९ साली त्यांनी या जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला थर्मस अॅक्वाटिकस असे नाव दिले.

एवढ्याशा जीवाणूला स्वतःचे अंग थंड ठेवता येत नाही. बाहेर ७० अंश, तर आतही ७० अंशच. म्हणजे त्याच्या विकरांनाच ही उष्णता सोसली पाहिजे.

येथे थोडे भौतिकशास्त्र लागते. ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ३१० केल्विन आणि ७० अंश म्हणजे ३४३ केल्विन. निरपेक्ष तापमानात वाढ झाली ती जेमतेम ११ टक्के. एवढ्याने घडी का मोडावी? कारण ती मुळातच काठावर उभी असते. घडी धरून ठेवणारे शेकडो दुबळे बंध एका बाजूला आणि साखळीला मोकळे करू पाहणारी उष्णतेची धडपड दुसऱ्या बाजूला, अशी ही रस्सीखेच असते. दोन्ही बाजू बलवान. पण त्यांच्यातील फरक मात्र दर मोलला साधारण २० ते ६० किलोज्यूल एवढाच. कार्बनचे दोन अणू जोडणारा एकटा बंध तोडायलाही सुमारे ३५० किलोज्यूल लागतात!

फरक इतका थोडा असल्यामुळे थोडासा आधारही पुरतो. उष्णताप्रेमी जीवाणूंची विकरे त्याच वीस अॅमिनो आम्लांची असतात आणि घडीही बहुधा ओळखीचीच असते. कुठे धन आणि ऋण भारांच्या काही जोड्या अधिक, कुठे आतला भाग जास्त घट्ट बसलेला, कुठे बाहेर लोंबणारे वळसे आखूड. सर्वांची युक्ती एकच नसते.

मग सर्वच प्राण्यांची विकरे अशी भक्कम का नाहीत? कारण काम करताना विकराला थोडे हलावे, लवावे लागते. थर्मसचे डीएनएची नक्कल करणारे विकर ७० अंशांना सेकंदाला ६० हून अधिक अक्षरे जोडते. ३७ अंशांना तेच सेकंदाला दीड अक्षर जोडते आणि २२ अंशांना एका अक्षराला चार सेकंद घेते. आपल्या अंगात ते अगदीच आळशी ठरले असते.

घडी टिकली म्हणजे सगळे निभावले असे मात्र नाही. उष्णतेने डीएनएची अक्षरेही बिघडतात. सायटोसीनचे युरासिल होते. ते चुकीचे अक्षर शोधून कापून काढणारे विकर या जीवाणूंजवळ असते. रिकामी जागा दुसरी विकरे भरतात. ही डागडुजी सतत चालू असते.

थर्मसचे नक्कल करणारे विकर १९७६ साली वेगळे काढण्यात आले. कॅरी मलिस यांना १९८३ साली पीसीआरची कल्पना सुचली. डीएनएचे दोन धागे उष्णतेने सुटे करायचे, प्रत्येकाची नक्कल करायची आणि हेच पुनःपुन्हा करायचे. तीस फेऱ्यांत एकाचे, हिशेबाने, १०७ कोटी! पण साध्या जीवाणूचे विकर प्रत्येक तापवणीत निकामी होई आणि दर फेरीला नवे घालावे लागे. थर्मसच्या विकराने ती अडचण दूर केली. १९९३ साली मलिस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोरोनाच्या साथीतील आरटी-पीसीआर चाचणीही याच तत्त्वावर होती.

या चाचणीत विकराला ९५ अंशांपर्यंत तापवतात. त्या तापमानाला निम्मे विकर निकामी व्हायला सुमारे ४० मिनिटे लागतात. थर्मस स्वतः मात्र ८० अंशांच्या आसपासच वाढायचा थांबतो.