रक्त थांबतंय का, ते आधी बघा

१. कुत्रं टेबलावर घेतलं की मी आधी ओठ वर करून हिरड्या बघते, मग पोटाची कातडी. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले की पहिली शंका प्लेटलेटची, म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा गोचिडतापाची. कातडीखाली किंवा छातीत रक्त साचलं असेल, तर रक्त गोठवणारे घटक तपासायला हवेत.

२. मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या, तरी स्लाइड स्वतः बघावीच. शीर पटकन सापडली नाही की प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन ते मोजत नाही. पुंजके नसतील, तर ऑइल इमर्शनखाली दर फील्डला दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे मायक्रोलिटरला साधारण १५ हजार. निरोगी कुत्र्यात २ ते ५ लाख असतात.

३. पावसाळ्यात घोणस चावलेली कुत्री येतात. थोबाड सुजलेलं, सुई टोचली तिथून रक्त झिरपत राहिलेलं. अशा वेळी लॅबच्या रिपोर्टची वाट बघण्यात अर्थ नाही. काचेच्या नव्या, कोरड्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं तसंच उभं ठेवायचं. "डॉक्टर, झालं का?" म्हणत मालक नळी उचलायला बघतात. "काका, हात नको," एवढंच मी म्हणते. वेळ भरली की नळी एकदाच आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर प्रतिविष ताबडतोब सुरू. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी इथे चालत नाही. काचेचा पृष्ठभागच गोठण्याची क्रिया सुरू करतो; त्याशिवाय चांगलं रक्तही पातळ राहून फसवतं. शक्य असेल तेव्हा शेजारी निरोगी कुत्र्याच्या रक्ताची नळी ठेवते. प्रतिविषानंतर ६ तासांनी पुन्हा हीच तपासणी, कारण यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो. नाग-मण्यारच्या दंशात मात्र रक्त नीट गोठतं. तिथे श्वासावर लक्ष ठेवायचं.

४. गोठण्याच्या तपासणीसाठी लॅबला पाठवायची निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरा. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. कमी भरली, तर गोठण्याचा वेळ उगाच जास्त येतो.

५. डॉबरमनच्या ऑपरेशनआधी ओठाच्या आतल्या बाजूला बारीक छेद देऊन रक्त किती वेळात थांबतं ते बघते. ४ मिनिटांहून जास्त लागली आणि प्लेटलेट पुरेशा असल्या, तर व्हॉन विलेब्रँड आजाराची शंका घ्यायची. यात पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाची लॅब तपासणी) नॉर्मलच येते, म्हणून त्या एका रिपोर्टवर सुरी धरू नये.

६. उंदराचं औषध खाल्लेलं कुत्रं पहिले दोन दिवस शेपूट हलवत असतं. अशा औषधातल्या ब्रोमाडायोलोनमुळे के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर थांबतो. सातवा घटक सर्वांत आधी संपतो, म्हणून पीटी आधी लांबते. औषध पोटात गेल्यावर ४८ ते ७२ तासांनी ती करावी. के-१ च्या गोळ्या तीन-चार आठवडे लागतात, पण कुत्रं खेळायला लागलं की घरचे त्या बंद करतात. याचं फार वाईट वाटतं, कारण अशी कुत्री पुन्हा रक्तस्राव होऊन येतात. शेवटच्या गोळीनंतर ४८ तासांनी पीटी करायची तारीख मी पहिल्याच दिवशी फाइलवर लिहून देते आणि आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करते.