अजून अंधार असताना

वाणगाव

चि. भाचीस,


फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. पप्पा गेल्यापासून प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत आणि भेटायला येणारा जो तो ‘देवाची इच्छा’ म्हणतो तेव्हा संताप होतो, असं म्हणालीस. होऊ दे. देवाला थेट जाब विचारणारी स्तोत्रं बायबलमध्ये थोडीथोडकी नाहीत, आणि ती कोणी गाळलेली नाहीत.

श्रद्धा असली की दुःख व्हायलाच नको, असं आपल्यातही काहीजण समजतात. मला ते कधीच पटलं नाही. योहानाचं शुभवर्तमान काढून बघ. मरिया माग्दालेना कबरीपाशी गेली तेव्हा अजून अंधारच होता. येशू उठला होता, तरी ती रडत होती. तो समोर आला तर तिला वाटलं, माळी आहे. (वाडीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून बरं वाटतं.) रडतेस म्हणून तो तिला रागावला नाही, नावाने हाक मारली. तेव्हा कुठे तिने त्याला ओळखलं. तुलाही वेळ लागेल, लागू दे.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच बघ ना. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, 1882मध्ये नवराही गेला. पदरात लहानगी मनोरमा. ख्रिस्ती झाल्यावर तरी सगळं सुरळीत व्हावं! पण 1921मध्ये मनोरमाही गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात होती ती. तिथल्या दृष्टिहीन मुलींनाही शिकवलं जाई. रमाबाई तेव्हा आजारी होत्या, तरी साध्या मराठीत बायबल आणायचं हाती घेतलेलं काम त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्यांच्या मनातला काळोख त्या दिवसांत पुरता फिटला होता, असं मी म्हणणार नाही. तो असतानाही त्या कामाला बसत होत्या. मी आशा म्हणते ती याला.

तेव्हा लांबलचक प्रार्थना जमत नसेल तर राहू दे. रात्री पप्पांचं नाव घेऊन ‘आमच्या बापा’ म्हण, तेवढं पुरे. कामाच्या पाळीवरून आलीस की खोलीत दार लावून बसू नकोस, आईजवळ बस. ती तुझ्यासमोर रडत नाही आणि तू तिच्यासमोर. दोघी एकदा मोकळ्या व्हा.

आणि पवित्र शनिवारी इकडे ये. चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. बाहेर नवा विस्तव पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावून ती काळोखातून आत आणतात आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. तुझ्याकडून गाणं झालं नाही तरी चालेल, आम्ही गाऊ. परतीच्या लोकलची घाई नको. मुक्कामालाच ये, आणि आईला घेऊन ये.

तुझी,
मावशी