पांढुर्णा-सौंसर : भूगोल आणि मातृभाषेचा रकाना

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वसले आहेत. येथील जाम नदी कन्हानला मिळते. ते पाणी वैनगंगेतून पुढे गोदावरीत जाते. संत्री आणि कापसाच्या या पट्ट्याला नागपूर जवळ. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्यातूनच २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला.

येथे मराठीसोबत हिंदी, गोंडी, पवारी नांदतात. जनगणना पवारीला हिंदीच्या गटात मोजते. वर्गात मातृभाषा विचारली, की आईशी मराठीत बोलणारी मुलेही मला ‘हिंदी’ सांगतात. शाळेची भाषा तीच त्यांना आपली वाटते. म्हणून जिल्ह्याचा नकाशा शिकवताना मी त्या रकान्याचा अर्थही समजावतो : लहानपणी आई आपल्याशी जी बोलली, ती लिहावी.