नोंदींचा ताबा

माध्यमिक शाळेच्या ग्रंथपालाकडे यंत्र येते ते बहुधा त्याने मागितले म्हणून नव्हे. संस्थेच्या बैठकीत ठराव होतो, विक्रेत्याचा प्रतिनिधी पडद्यावर रंगीत तक्ते दाखवून जातो, आणि वर्षानुवर्षे दाखल-नोंदवहीत शाईने लिहिलेल्या नोंदी संगणकात चढविण्याचा हुकूम सुटतो. आमच्या शाळेत असेच घडले, आणि त्यातून पुढे जे निस्तरावे लागले त्याची हकीकत या वाटेस लागणाऱ्या सहव्यवसायी मंडळींच्या उपयोगी पडावी.

विक्रेत्याच्या प्रणालीत मराठी अक्षरे सुबक दिसत, पण केवळ दिसत. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ सालीच, देवनागरीस स्वतंत्र संकेतांक मिळाले असूनही येथे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेला जुना फाँट योजिलेला होता. तो ज्या यंत्रावर नसे, तेथे हरिभाऊ आपट्यांची कादंबरी निरर्थक चिन्हांची रांग होऊन प्रकट होई. पुढे विक्रेत्याने व्यवसाय गुंडाळला, आणि नोंदी अन्यत्र नेण्याची वेळ आली तेव्हा उमगले की त्या बाहेर काढण्याची तजवीज प्रणालीत नव्हती व करारनाम्यातही त्याविषयी चकार शब्द नव्हता. एका माजी विद्यार्थ्याने खटपटीने त्या काढून युनिकोडात आणल्या. परंतु जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टंकलिखित होते तर युनिकोडात नंतर, आणि रफाराचा क्रम नेमका उलट, त्यामुळे अनेक शीर्षके जागोजाग विद्रूप झाली. त्यांची दुरुस्ती साधली ती जुनी दाखल-नोंदवही रद्दीत गेली नव्हती म्हणून. (आमच्या मुख्य लिपिकास कोणताही कागद टाकवत नाही, शिक्षकखोलीत या स्वभावाची फार थट्टा होई.)

तेव्हा प्रणाली घेण्यापूर्वी विक्रेत्यास आपल्याच कपाटातील जुनी, जोडाक्षरांनी भरलेली शीर्षके टंकित करावयास सांगावे, ती साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखविण्याचा आग्रह धरावा, आणि हा हक्क करारनाम्यात लेखी घ्यावा. पट्टीसंकेत वाचताच पुस्तकाची सारी माहिती आपोआप येईल, या आश्वासनावरही विसंबू नये. आयएसबीएन ही पद्धतच १९७० च्या सुमारास रूढ झाली, आणि शालेय संग्रहातील जुन्या मराठी ग्रंथांवर तो क्रमांक नसतोच.

याहून सूक्ष्म अडचण शोधाची. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनेक अनुच्चारित अनुस्वार गळाले. जुन्या आवृत्तीवर ‘पण लक्षांत कोण घेतो?’ असे छापलेले, आणि विद्यार्थी शोधतो ‘लक्षात’. यंत्र ‘पुस्तक नाही’ असे उत्तर देते आणि मूल निमूटपणे परत फिरते. छापील शीर्षक जसेच्या तसे ठेवून प्रचलित रूप पर्यायी शीर्षक म्हणून नोंदवावे. मार्क २१ या नोंदपद्धतीत त्यासाठी २४६ क्रमांकाचे स्वतंत्र क्षेत्र आहे. हीच दक्षता ग्रंथकारांविषयी घ्यावी, कारण ‘विशाखा’चे कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’चे वि. वा. शिरवाडकर एकच, हे यंत्रास कोणी सांगितल्यावाचून कळत नाही.

न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली सर्वांस मुक्त झालेली ‘कोहा’, किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’, या प्रणाली विचारात घेण्याजोग्या खऱ्या. तथापि परवान्याचे मूल्य नसले तरी देखभालीस जाणता माणूस लागतोच. तो नसेल तर लहान शाळेने युनिकोडात नीटनेटका ठेवलेला साधा तक्ता वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदींची प्रत काढली एवढ्याने खातरजमा होत नाही. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी ती प्रत वेगळ्याच यंत्रावर उघडावी, दाखल-नोंदवहीतील हवे ते काही क्रमांक काढून ताळा पाहावा, आणि तो जमला नाही तर लेखी तक्रार सुटी लागण्याआधीच करावी. सुटीनंतर विक्रेत्याचा प्रतिनिधी बहुधा बदललेला असतो.