आजारी पडायच्या आधी वाचा : ऑन्टॅरिओत नव्यानं येणाऱ्या जालनेकरांसाठी

मिसिसागा, ब्रॅम्प्टन, किचनर, टोरांटो इथं स्थिरावलेल्या, मूळ जालना जिल्ह्यातल्या कुटुंबांकडून हे लिहून मागवलं. ज्यानं जेवढं दिलं तेवढं घेतलं, त्यामुळं काही भाग सविस्तर आहेत आणि काही अगदीच त्रोटक. मतं ज्याची त्याची. सगळ्यांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर : गावाकडं आशाताई दारात येऊन विचारते, इथं कुणी येत नाही. सोयी भरपूर आहेत, पण त्या आपण होऊन मागाव्या लागतात.

१. कार्ड, डॉक्टर, टीम
(मूळ अंबड, सध्या मिसिसागा)

ओहिप (प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) कार्ड : पीआर असाल तर पहिल्याच आठवड्यात सर्व्हिस ऑन्टॅरिओच्या कार्यालयात जा. पूर्वीची तीन महिन्यांची अट मार्च २०२० पासून नाही. तीन मूळ कागद लागतात : इमिग्रेशनचा, इथल्या पत्त्याचा आणि ओळखीचा. झेरॉक्स चालत नाही. वर्क परमिटवाल्यांना किमान सहा महिन्यांच्या पूर्णवेळ नोकरीचं कंपनीचं पत्र लागतं. बाहेरून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना ओहिप नाही, त्यांनी कॉलेजचा विमा बघावा.

फॅमिली डॉक्टर : हेल्थ केअर कनेक्टवर नाव नोंदवा. नंबर लागायला वेळ लागतो. तोवर ओळखीपाळखीत विचारत राहा, जवळच्या दवाखान्यांना फोन करत राहा.

फॅमिली हेल्थ टीम : २००५ पासून ही पद्धत आहे. डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर, नर्स, आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट, समाजसेवक असे सगळे मिळून काम करतात. अशी टीम असलेला दवाखाना मिळाला तर सोडू नका. नर्स प्रॅक्टिशनर तपासते, चाचण्या सांगते, औषधही लिहून देते. ‘मोठे डॉक्टर भेटलेच नाहीत’ म्हणून तोंड पाडून घरी येऊ नका. गावी उपकेंद्रातल्या सिस्टरनं बीपी बघितलं तर चालतं ना?

कम्युनिटी हेल्थ सेंटर : ओहिप नसलेल्यांनाही इथं बघतात.

फार्मासिस्ट : जानेवारी २०२३ पासून किरकोळ आजारांवर स्वतः औषध लिहून देऊ शकतो. यादीत बरेच आजार आहेत. बायकांना होणारा लघवीचा साधा संसर्ग, डोळे येणं, छातीत जळजळ, किडा चावणं यासाठी डॉक्टरची वाट बघत बसू नका.

फोन : ८११ वर चोवीस तास नर्स बोलते. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास लागणं यात थेट ९११. आपल्या १०८ सारखी ॲम्ब्युलन्स फुकट नाही. कार्ड असलं तरी ४५ डॉलरचं बिल येतं.

स्पेशालिस्ट : छत्रपती संभाजीनगरला जाऊन हव्या त्या सर्जनचा नंबर लावता येतो, तसं इथं नाही. फॅमिली डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरची चिठ्ठी लागते.

औषधं : दुकानातल्या गोळ्या ओहिपमध्ये येत नाहीत. पंचवीस वर्षांखालच्यांना, खासगी विमा नसेल तर, बरीच औषधं मोफत मिळतात. बाकीच्यांनी कंपनीचा विमा तपासावा.

तपासण्या : पन्नाशीनंतर आतड्याच्या कर्करोगासाठी दर दोन वर्षांनी शौच-तपासणीचं किट डॉक्टरांमार्फत मागवलं की घरी येतं. लाजून कपाटात टाकू नका. चाळिशीपासून बायकांना स्तनांच्या तपासणीसाठी स्वतः नाव नोंदवता येतं, चिठ्ठी लागत नाही.

२. लसीच्या कार्डाचं रामायण
(मूळ भोकरदन, सध्या ब्रॅम्प्टन)

वर सगळं सोपं वाटतं. आता माझं ऐका. पोराला शाळेत घातलं आणि पत्र आलं : लसींची नोंद नाही, नोंद द्या, नाहीतर मुलाला शाळेतून काही दिवस काढू. काढतातही, कायद्यानं वीस शाळेच्या दिवसांपर्यंत. मी आपला निवांत. आमच्या गावच्या नर्सबाईंनी एकही लस चुकवली नव्हती. कार्ड घेऊन गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, हे कोणत्या भाषेत आहे? इंग्रजी करून आणलं, तर म्हणे ०४/०७ ला लस कशी दिली, तेव्हा मूल जन्मलंच नव्हतं! पोरगं मे महिन्यातलं, लस चार जुलैची, आणि बाईंनी वाचली सात एप्रिल. हे समजावण्यात माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली. एका खिडकीवर सांगतात डॉक्टर नोंदवतील, डॉक्टरांकडं गेलं तर ते म्हणतात पालकांनीच नोंदवायचं. खरं दुसरंच आहे : डॉक्टरनं लस दिली तरी सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवण्याची जबाबदारी आई-बापाची. हे पहिल्याच दिवशी कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर?

एवढं करून लसी कमी पडल्याच. आपल्याकडं सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यात गोवर-रुबेला देतात. इथं पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस शाळेसाठी धरत नाहीत. शिवाय आपल्या सरकारी लसीत गालगुंड नाही, इथं ते सक्तीचं. कांजिण्या आणि मेनिंजायटिसच्या लसीही लागतात. नर्सबाई चुकल्या नव्हत्या, दोन देशांची वेळापत्रकं वेगळी आहेत. राग आला तरी लस द्या. २०२५ मध्ये या प्रांतात गोवराची मोठी साथ होऊन गेली आहे.

आता कामाचं : निघण्यापूर्वी लसींची यादी इंग्रजीत करून त्यावर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. महिना अंकात नको, अक्षरात लिहा.

३. आई-बाबा येणार असतील तर
(मूळ घनसावंगी, सध्या किचनर)

सुपर व्हिसावर (आई-वडिलांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा) आलेल्यांना ओहिप नाही. किमान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. शुगर-बीपी लपवू नका. अशा विम्यांत आधीचा आजार ठरावीक काळ ‘स्थिर’ असावा अशी अट असते. त्या काळात गोळी बदलली तर दावा अडकू शकतो. म्हणून गोळ्यांचे जे फेरबदल करायचे ते निघण्याच्या पुष्कळ आधी उरकून घ्या, आणि तरी बदल झालाच तर विमा कंपनीला लेखी कळवा.

आम्ही दोघं मात्र ओहिपवर आहोत, आणि माझ्या नवऱ्याला शुगर आहे. आमच्या फॅमिली हेल्थ टीममधल्या आहारतज्ज्ञ बाईंकडं जायला पैसे पडत नाहीत. तिनं विचारलं, रोज काय खाता? मी म्हटलं, भाकरी. तिला वाटलं फुलका. मग घरून ज्वारीची भाकरी नेली, तिनं ती काट्यावर ठेवली आणि म्हणाली, ही तर दोन-तीन फुलक्यांएवढी आहे! एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा, वर रताळं हे ऐकून तर ती लिहायचीच थांबली. आता उपवासाला भगर-आमटी, तीही मोजून. तात्पर्य, आपलं खाणं तिला माहीत नसतं, आपणच वजनासकट सांगायचं. डोळ्यांचंही विचारा : शुगर असेल तर डोळ्यांची वार्षिक तपासणी ओहिपमध्ये होते.

४. खाणं, चालणं, संस्कार
(मूळ जालना शहर, सध्या टोरांटो, निवृत्त शिक्षिका)

मुलांनो, औषध शेवटी. आधी ताट बघा. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात सगळे फुगतात, कारण गाडी, सोफा आणि डोनट. आपल्या लोकांना शुगर लवकर गाठते. दक्षिण आशियाई पुरुषाचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईचा ८० च्या आत हवा, असं इथले डॉक्टरही सांगतात. शिवणाची टेप घरात असतेच, मोजा.

ज्वारी-बाजरीचं पीठ ब्रॅम्प्टनला मिळतं. येसर मात्र मिळत नाही, तो आईकडून करून आणा. आठवड्यातून दोनदा येसराची आमटी आणि भाकरी झाली पाहिजे. मुलं नाक मुरडतील, मुरडू द्या. संक्रांतीला तिळगूळ, थंडीत मेथीचे धपाटे, कच्चा कांदा : आपल्या सणांतच आरोग्य आहे. भाषा सुटली की ताट सुटतं आणि ताट सुटलं की प्रकृती सुटते. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला याच, पण तिथं वाटीभर गुलाबजाम घेऊ नका.

बर्फात मॉलमध्ये चाला. सकाळी दुकानं उघडायच्या आधी पुष्कळ म्हातारे तिथं फेऱ्या मारतात. हिवाळ्यात ऊन अंगाला लागत नाही, तेव्हा ड-जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारा. आपण शाकाहारी असाल तर बी-१२ चंही. ड-जीवनसत्त्वाची रक्ततपासणी मात्र ठरावीक आजारांसाठीच ओहिपमध्ये होते, बाकीच्यांना खिशातून.

आणि बाजरीच्या भाकरीवर तूप हवंच. (संकलक : तुपाबद्दल आहारतज्ज्ञांना विचारा, ताईंना नको.)

५. उरलेलं

दात : कुणीच लिहून दिलं नाही. प्रौढांचे दात ओहिपमध्ये नाहीत आणि खर्च मोठा येतो, म्हणून रूट कॅनाल आणि दाढा भरणं जालन्यातच उरकून या.

मन : यावरही कुणी लिहायला तयार झालं नाही. खरं तर पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त गरज याचीच पडते. टीममध्ये समाजसेवक असतात, त्यांच्याशी बोलायला वेडं व्हावं लागत नाही. झोप उडाली, बायको-मुलांवर चिडचिड वाढली, एवढं कारणही पुरतं.

बॅगेत घाला : लसींची इंग्रजी यादी, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची घटकनावासह चिठ्ठी (ब्रँडचं नाव इथं कुणाला कळत नाही), चष्म्याचा नंबर, तीन महिन्यांच्या गोळ्या. फाइल हातातल्या बॅगेत ठेवा, येसर आणि लोणचं मोठ्या बॅगेत.